न झालेल्या कुस्त्यांचा निकाल

वऱ्हाडांत नागपंचमीचा अथवा एखाद्या यात्रेचा कुस्त्यांचा फड उठला कीं, दुसरी एक कुस्ती तेथून पुढें सुरू होते. ती आखाड्यांत नव्हे, घराच्या ओट्यावर. रिद्धपूर असो, मोर्शी असो, कीं अमरावतींतील एखादी जुनी पेठ असो. दिवेलागणीला चार माणसें एकत्र बसलीं आणि त्यांत एक साठी उलटलेला व एक मिसरूड फुटलेला असला, म्हणजे प्रश्न निघतोच कीं, आजचा महाराष्ट्रकेसरी त्या काळच्या गामापुढें किती वेळ टिकला असता? वडीलधारा म्हणतो, ‘हात मिळविण्यापुरता!’ तरुण म्हणतो, ‘आबाजी, तुमचा गामा आजच्या गादीवर गुणांनीं हरला असता.’ दोघांपैकीं एकानेंहि गामाला आखाड्यांत उतरलेला पाहिलेलें नसतें. तरीहि रात्र चढते, आवाज चढतात, निकाल मात्र लागत नाहीं. आणि पुढल्या वर्षीं तोच वाद त्याच उत्साहानें पुन्हां उभा राहतो.

असल्या वादास रिकामटेंकड्यांचा उद्योग म्हणून हंसण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वीं योग्य नाहीं. न झालेल्या कुस्तीचा निकाल लावतां येत नाहीं हें खरें. परंतु तो कां लावतां येत नाहीं, याचा विचार करूं लागलें म्हणजे खेळ, नियम, वय आणि स्मृति यांविषयीं पुष्कळ कांहीं उमजूं लागतें. धांवण्याच्या शर्यतींत घड्याळ हा मध्यस्थ असतो. पन्नास वर्षांपूर्वींचा धांवपटु आणि आजचा धांवपटु यांच्यामध्यें सेकंदांचा आंकडा तरी मांडून ठेवतां येतो. कुस्तीला अथवा मुष्टियुद्धाला असा मध्यस्थ नाहीं. तेथें एका मल्लाचें माप म्हणजे त्याच्यासमोर उभा राहिलेला दुसरा मल्ल. तो दुसरा जर साठ वर्षांमागें होऊन गेला असेल, तर माप आणावें कोठून?

मुष्टियुद्धाच्या बाबतींत हें माप यंत्राकडून काढविण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेंत झाला, आणि तोहि नभोवाणीवरून. १९६७ सालीं मरे वोरोनर नांवाच्या एका निर्मात्यानें निरनिराळ्या पिढ्यांतील सोळा हेवीवेट मुष्टियोद्धे निवडले. क्रीडालेखकांकडून प्रत्येकाची चपळाई, ठोशाचें बळ, मार सोसण्याची शक्ति इत्यादि गुणांचे आंकडे मागवून घेतले आणि ते एका गणकयंत्रांत घातले. यंत्रानें जे निकाल काढले त्यांवरून, जणूं सामना डोळ्यांदेखत चालला आहे अशा थाटाचीं वर्णनें तयार करून तीं प्रक्षेपित करण्यांत आलीं. अंतिम लढतींत १९५२ ते १९५६ या काळांतील जगज्जेता रॉकी मार्सियानो यानें १९१९ ते १९२६ या काळांतील जगज्जेता जॅक डेम्प्सी यास हरविलें, असा यंत्राचा कौल पडला. महंमद अली त्या आधींच बाद झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पदवी मिळविणाऱ्या जिम जेफ्रीजकडून यंत्रानें त्यास हरविलें. अलीस हें इतकें झोंबलें कीं, त्यानें निर्मात्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला.

त्या तंट्याचा शेवट आणखी विलक्षण झाला. तडजोड म्हणून १९६९ सालीं अली आणि मार्सियानो यांना प्रत्यक्ष एका रिंगणांत उभें करून त्यांच्या लढतीचें चित्रण करण्यांत आलें. अली तेव्हां सत्तावीस वर्षांचा होता. मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षें लोटलीं होतीं. लढतीचे एकाहून अधिक शेवट चित्रित करून ठेवले होते, आणि त्यांपैकीं कोणता दाखविला जाणार हें त्या दोघांनाहि ठाऊक नव्हतें. जानेवारी १९७० मध्यें चित्रपट लागला. त्यांत तेराव्या फेरींत मार्सियानो जिंकला. तो पाहावयास मार्सियानो हयात नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजीं विमान-अपघातांत त्याचा अंत झाला होता. पुढें दुसरीकडे याच चित्रपटाचा अली जिंकल्याचा शेवटहि दाखविण्यांत आला. यंत्राच्या निःपक्षपातीपणावर यापेक्षां निराळी टीका करण्याची आवश्यकता नाहीं. जात्यांत जें वैरावें तेंच पीठ होऊन खालीं पडतें. क्रीडालेखकांच्या मनांत ज्या आवडीनिवडी होत्या, त्याच आंकड्यांचा वेष घेऊन बाहेर आल्या.

परंतु यंत्र अधिक चांगलें असतें तर काम भागलें असतें काय? तेंहि नाहीं; कारण अडचण हिशेबाची नसून प्रश्नाचीच आहे. १८८९ सालीं जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांची लढत उघड्या मुठींनीं झाली. तीत एक माणूस खालीं पडला म्हणजे फेरी संपे, आणि अशा पंचाहत्तर फेऱ्या झाल्या. पुढें हातमोजे आणि तीन मिनिटांच्या फेऱ्या सार्वत्रिक झाल्या. जगज्जेतेपदाच्या लढती वीस-पंचवीस फेऱ्यांवरून पंधरावर आल्या, आणि १९८० नंतरच्या दशकांत बारांवर स्थिरावल्या. आतां सलिव्हनची आणि आजच्या जगज्जेत्याची गांठ घालावयाची, तर ती कोणाच्या नियमांनीं? उघड्या मुठींनीं सूर्य मावळेपर्यंत लढण्याची तालीम एकाची, आणि छत्तीस मिनिटांत सारें बळ खर्चून टाकण्याची तालीम दुसऱ्याची. ज्याचे नियम त्याचा विजय, असेंच बहुधा होणार.

वजनाची गोष्टहि अशीच. मार्सियानो सुमारें पंच्याऐंशी किलो वजनानें लढत असे. आजच्या नियमांप्रमाणें नव्वद किलोंच्या आंतल्या योद्ध्यासाठीं खालचा निराळा गट आहे. म्हणजे एकोणपन्नास लढतींत एकदांहि न हरलेला हा हेवीवेट जगज्जेता आज आपल्या वजनाच्या गटांत उतरला तर हेवीवेट ठरणारच नाहीं. तथापि वजन म्हणजे सर्वस्व असें म्हणण्याचीहि सोय नाहीं. १९१९ सालीं टोलिडो येथें डेम्प्सीनें आपल्याहून पुष्कळच उंच आणि जड अशा जेस विलार्डला पहिल्याच फेरींत सात वेळां खालीं पाडलें होतें.

कोणी म्हणेल, दोन पिढ्या कधींकधीं प्रत्यक्षच भिडतात, त्यावरून अनुमान करावें. तसेंहि करून पाहण्यासारखें आहे. निवृत्त झालेला जेफ्रीज १९१० सालीं पुन्हां रिंगणांत उतरला आणि जॅक जॉन्सननें त्यास पंधराव्या फेरींत निष्प्रभ केलें. १९५१ सालीं सदतीस वर्षांच्या जो लुईला मार्सियानोनें आठव्या फेरींत खालीं पाडलें. परंतु या लढतींनीं सिद्ध झालें तें एवढेंच कीं, चढत्या वयाचा माणूस उतरत्या वयाच्या माणसाला हरवितो. त्यासाठीं जगज्जेत्यांची आवश्यकता नव्हती. हें प्रत्येक घरांतील बाप-लेकांस ठाऊक आहे.

या सर्व गोंधळावर लख्ख प्रकाश पाडणारें उदाहरण आपल्या मल्लविद्येच्या इतिहासांतच आहे. गामा पहिलवान १९१० सालीं लंडनला गेला. बेंजामिन रोलर या अमेरिकन मल्लास त्यानें सहज लोळविलें, आणि १० सप्टेंबर १९१० रोजीं पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशीं त्याची गांठ पडली. झिबिस्को त्याच्याहून पुष्कळ जड. तो पालथा पडून गादीला जो चिकटला तो उठेना. अडीच तासांहून अधिक वेळ हा प्रकार चालून अखेर कुस्ती बरोबरींत सोडवावी लागली. पुढल्या आठवड्यांत फेर कुस्ती ठरली होती. तिला झिबिस्को आलाच नाहीं, आणि गामास विजयी ठरविण्यांत आलें. यानंतर सतरा वर्षें गेलीं. जानेवारी १९२८ मध्यें पतियाळा येथें, हिंदी पद्धतीच्या आखाड्यांत, तेच दोघे पुन्हां समोरासमोर आले. दोघांचींहि वयें पन्नाशीच्या घरांत. या वेळीं एक मिनिट पुरें होण्याच्या आंत गामानें झिबिस्कोला चीतपट केलें.

या दोन कुस्त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्यात. माणसें तींच, नांवें तींच, एकमेकांचे डाव एकमेकांस ठाऊक. बदललें तें एवढेंच: भूमि, नियम आणि वय. तरी एका ठिकाणीं अडीच तासांत निकाल नाहीं, आणि दुसऱ्या ठिकाणीं एका मिनिटांत निकाल! त्याच दोन मल्लांचा निकाल जर अशा रीतीनें फिरतो, तर ज्यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलें नाहीं अशा दोन मल्लांचा निकाल एका वाक्यांत सांगणाऱ्यानें आपण कोणत्या भूमीवरील, कोणत्या नियमांनीं झालेली आणि कोणत्या वयांतील कुस्ती बोलत आहों, हें आधीं सांगितलें पाहिजे.

येथें आणखी एक भेद ध्यानांत धरावयास हवा, आणि बहुतेक वाद तो न धरल्यामुळेंच भरकटतात. गामा होता तसाच्या तसा उचलून आजच्या गादीवर आणून ठेवावयाचा, कीं गामा आजच्या काळीं जन्मला असता तर काय झालें असतें, हें पाहावयाचें? हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिल्या प्रश्नांत त्याच्या हातीं फक्त त्याच्या काळची विद्या असते. दुसऱ्यांत आजचा खुराक, आजचे शिक्षक, आजचें वैद्यक आणि आजचे नियम, हें सर्व त्यासहि मिळतें. म्हाताऱ्याच्या मनांत बहुधा दुसरा प्रश्न असतो आणि तरुणाच्या मनांत पहिला. अर्थात् दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलतात आणि एकमेकांचें ऐकत नाहींत.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हें खाशाबा जाधव यांच्या चरित्रावरून कळून येतें. खाशाबा कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे. तांबड्या मातींत वाढलेला हा मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरला, तेव्हां आंतरराष्ट्रीय नियम आणि गादी हीं दोन्हीं त्यास नवखीं होतीं. तेथें रीस गार्डनर या अमेरिकन शिक्षकाचें मार्गदर्शन मिळून ते सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोंचले. चारच वर्षांनीं, १९५२ सालीं हेल्सिंकी येथें त्यांनीं बँटमवेट गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताला वैयक्तिक स्पर्धेंत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. १९४८ च्या खाशाबांना पाहून जर कोणी म्हटलें असतें कीं, मातींतला मल्ल गादीवर सहाव्याच्या वर जावयाचा नाहीं, तर त्याचें अनुमान त्या दिवसापुरतें बरोबर आणि चार वर्षांनीं चूक ठरलें असतें. पुढें १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई सामन्यांत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या मातींत घडलेल्या दोघां हिंदकेसरींनीं सुवर्णपदकें जिंकलीं. मल्ल म्हणजे वजनकांट्यावर ठेवलेला दगड नव्हे. तो शिकतो, आणि शिकण्याची शक्ति हाच त्याच्या बळाचा मोठा वांटा असतो. कोणत्याहि यंत्रांत घालतां न येणारा गुण तो हाच.

मातीचा काळ आणि गादीचा काळ यांची गांठ घालण्याची एक रीत महाराष्ट्रानें स्वतःच निर्माण केली आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. १९६१ सालीं दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्रकेसरी झाले. त्यानंतरच्या काळांत या स्पर्धेला माती विभाग आणि गादी विभाग असे दोन पाय फुटले. आणि अलीकडे दोन्ही विभागांचे विजेते अखेरच्या कुस्तींत एकमेकांशीं लढतात. जानेवारी २०२० मध्यें पुण्यास झालेल्या अंतिम कुस्तींत गादी विभागाचा हर्षवर्धन सदगीर यानें माती विभागाच्या शैलेश शेळके यास तीन विरुद्ध दोन अशा गुणांनीं हरविलें. दोघेहि एकाच वस्तादाचे, काका पवार यांचे, पठ्ठे. ही अखेरची कुस्ती गादीवर होते, मातीवर नव्हे; तेव्हां एका गुणाच्या फरकानें लागलेला हा निकाल मातीवर कसा लागला असता, हा प्रश्न ओट्यावर निघाला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं.

मग तुलना करूंच नये काय? करावी, परंतु तिची रीत निराळी असावी. दोन काळांतील मल्लांना एकमेकांशीं न झुंजवितां, प्रत्येकास त्याच्या स्वतःच्या काळाशीं ताडून पाहावें. आपल्या पिढीच्या डोक्यावरून तो किती उंच दिसत होता? त्यानें कोणास पाडलें, कोणास टाळलें? ज्यांना पाडलें ते त्या वेळीं भरांत होते कीं उतारास लागले होते? घरच्या आखाड्याबाहेर, परक्या नियमांनीं लढण्याची छाती त्यानें दाखविली काय? असे प्रश्न विचारले म्हणजे ‘कोण जिंकला असता’ याचें उत्तर मिळालें नाहीं तरी ‘कोण किती मोठा होता’ याचें बरेंचसें मिळतें. गामाचें मोठेपण त्याच्या दंडाच्या घेरांत शोधण्यापेक्षां, सातासमुद्रांपलीकडे जाऊन तो परक्यांच्या गादीवर उभा राहिला, यांत तें अधिक दिसतें.

परंतु या प्रश्नांचीं उत्तरें द्यावयास साक्षीपुरावा लागतो, आणि येथेंच मराठी मल्लविद्येचें मोठें दारिद्र्य आहे. पाश्चात्य मुष्टियुद्धांच्या फेरीफेरीच्या नोंदी आहेत, चित्रफिती आहेत, वजनांचे आंकडे आहेत. आपल्याकडील शेंकडों जंगी कुस्त्यांविषयीं उरलें आहे तें एवढेंच कीं, अमक्यानें तमक्याला आस्मान दाखविलें. केव्हां, किती वेळांत, कोणत्या डावावर, पंच कोण, प्रतिपक्षी आजारी तर नव्हता ना, हें सांगणारी माणसें एकेक करून निघून चाललीं आहेत. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढून मोठें काम करून ठेवलें. वऱ्हाडांत वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापन केलेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें देशी व्यायामाची विद्या जिवंत ठेविली, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं तिचें दर्शन परदेशास घडविलें. तथापि गांवोगांवच्या फडांतील हकीकत कोणाच्याहि कोशांत गेलेली नाहीं.

आरंभीं रिद्धपूरचें नांव आलें, तें केवळ वऱ्हाडांतील एक गांव म्हणून नव्हे. रिद्धपूर ही महानुभावांची काशी, श्रीगोविंदप्रभूंचें स्थान. श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांचा संग्रह करण्याचें काम तेराव्या शतकांत याच भूमींत म्हाइंभटांनीं हातीं घेतलें. स्वामींच्या सहवासांत राहिलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून, ऐकलेलें पारखून त्यांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें मूळ पोथी नाहींशी झाली तेव्हां ती आठवणींवरून पुन्हां उभी करावी लागली, आणि निरनिराळ्यांच्या आठवणी निरनिराळ्या निघाल्या. अशा वेळीं एकाचें खरें व दुसऱ्याचें खोटें असें ठरवून मोकळें न होतां, पाठ निराळा असेल तेथें ‘शोधु’ म्हणून तो निराळा नोंदून ठेवण्याची शिस्त त्या परंपरेनें पाळली. मराठी गद्याचा जन्मच अशा रीतीनें प्रत्यक्ष साक्षीच्या टिपणांतून झाला आहे. त्याच रिद्धपूरांत आतां मराठी भाषेचें विद्यापीठहि उभें राहिलें आहे.

धर्मचरित्र कोठें आणि कुस्तीचा फड कोठें, असें कोणास वाटेल. विषय भिन्न आहेत हें उघडच आहे. परंतु टिपण्याची रीत एकच. ज्या घरांत एखादे आजोबा किंवा मामा तरुणपणीं लंगोट लावून मातींत उतरलेले आहेत, त्या घरांतील शिकलेल्या मुलानें एक वही घ्यावी. कोणती कुस्ती, कोणतें गांव, कोणतें साल; माती कीं गादी; किती वेळ चालली; कोणत्या डावावर संपली; दोघांचीं वयें व वजनें काय; निकाल चीतपट कीं पंचांचा; आणि हें सर्व सांगणारा कोण, त्यानें तें स्वतः पाहिलें कीं ऐकलें. शेजारचे काका तीच कुस्ती निराळी सांगत असतील तर ती खोडूं नये. त्यांच्या नांवानें खालीं निराळी लिहावी. यास पैसा लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. एक संध्याकाळ आणि थोडा धीर पुरतो.

अशा कांहीं वह्या जमल्या तरी गामा आणि आजचा महाराष्ट्रकेसरी यांची कुस्ती होणार नाहीं, ही गोष्ट खरी. परंतु पन्नास वर्षांनीं जेव्हां आजच्या मल्लांचीं नांवें म्हाताऱ्यांच्या तोंडीं असतील आणि तेव्हांचे तरुण त्यांस हंसूं लागतील, तेव्हां वाद घालणाऱ्यांच्या हातीं नुसत्या आवाजाहून कांहीं अधिक असेल.